सव्वादोनशे डॉलरचा थेरपिस्ट की पंचाहत्तरची असोसिएट?

पत्र: मी छत्तीस वर्षांची, कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहते. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी एच-फोर या आश्रित व्हिसावर, वर्क परमिट अजून हातात नाही. गेल्या डिसेंबरात नाशिकला आई गेली. तेराव्यापर्यंत थांबले आणि मुलाच्या शाळेसाठी परत आले. आठ महिने झाले, रात्री तीनला जाग येते ती येतेच. सहा वर्षांच्या मुलावर विनाकारण ओरडते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते. थेरपी घ्यायचं ठरवलंय. महिन्याला 300 डॉलर काढू शकते. चौकशी केली तर परवाना असलेल्या थेरपिस्टने सेशनला 225 सांगितले. एका संस्थेत 75 डॉलरमध्ये ‘असोसिएट’ थेरपिस्ट बाई मिळताहेत, पण त्यांच्याकडे लायसन्स नाही, त्या कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करतात. नवरा म्हणतो, “शिकाऊ डॉक्टरकडे जाशील का तू?” मैत्रीण म्हणते, पुण्यातली कौन्सेलर ऑनलाइन 1,200 रुपयांत घे, मराठीत तरी बोलता येईल. शिवाय इन्शुरन्स नवऱ्याच्या नावावर. लपवायचं काही नाही, पण प्रत्येक तारखेचा कागद घरी यायला नको. आणि डिसेंबरात वर्षश्राद्धासाठी पाच आठवडे नाशिकला जायचंय, तेव्हा काय करायचं?

उत्तर:

त्या असोसिएट बाईंकडे जा. तुमच्या तक्रारीला आणि तुमच्या बजेटला तोच मार्ग आम्हाला बरा वाटतो. मात्र त्याआधी एक फोन इन्शुरन्सला आणि एक तपासणी सरकारी वेबसाइटवर, एवढं करून मग जा.

नवऱ्याच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो चुकीचा नाही, अर्धवट आहे. केईएममध्ये किंवा ससूनमध्ये ओपीडीत तुम्हाला तपासतो तो बहुतेक वेळा निवासी डॉक्टर असतो. त्याची एमबीबीएस झालेली असते, नोंदणी असते, एमडी चालू असते आणि डोक्यावर युनिटचे प्रमुख असतात. त्याला आपण ‘शिकाऊ’ म्हणून उठून जात नाही. कॅलिफोर्नियातला असोसिएट साधारण त्याच पायरीवर असतो. दोन-तीन वर्षांची मास्टर्स पदवी हातात असते आणि बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस, म्हणजे बीबीएस या राज्य मंडळाकडे नोंदणी झालेली असते. परवान्याला हव्या असलेल्या 3,000 तासांच्या देखरेखीखालच्या कामाचा टप्पा तेवढा चालू असतो. हे तास किमान 104 आठवड्यांत पसरलेले असावे लागतात, म्हणजे कितीही घाई केली तरी दोन वर्षं. एका नोंदणी क्रमांकाची मुदत साधारण सहा वर्षांपर्यंत.

असोसिएट तीन जातीचे भेटतील: मॅरेज अँड फॅमिली थेरपीचे, क्लिनिकल काउन्सेलिंगचे आणि सोशल वर्कचे. पाटीवर अनुक्रमे एएमएफटी, एपीसीसी, एएसडब्ल्यू अशी अक्षरं दिसतील. तुमच्या कामापुरता या तिघांत फरक करत बसू नका. ‘मॅरेज अँड फॅमिली’ नाव असलं तरी ते एकट्या माणसाची थेरपी रोज करतात.

फरक करायचा तो असोसिएट आणि ‘ट्रेनी’ यांच्यात. ट्रेनी अजून मास्टर्स शिकत असतो, बीबीएस त्याची नोंदणी करत नाही, त्यामुळे तपासायला क्रमांकच नसतो. त्याला खासगी प्रॅक्टिसमध्ये काम करता येत नाही, फक्त संस्था, शाळा, विद्यापीठाचं क्लिनिक अशा ठिकाणी. फी खूपच कमी, कित्येक ठिकाणी 20 ते 60 डॉलर. बर्कलीचं राइट इन्स्टिट्यूट, सॅन फ्रान्सिस्कोतलं कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रल स्टडीज, पालो आल्टो युनिव्हर्सिटीचं ग्रोनोव्स्की सेंटर अशा संस्था आपापली प्रशिक्षण-क्लिनिकं चालवतात. उद्या 75 देखील जड झाले तर तिथे विचारा. त्यांचं वर्ष शैक्षणिक असतं. ऑगस्ट-सप्टेंबरात नवी तुकडी येते तेव्हा जागा असतात, मार्चनंतर बहुतेक नसतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुमचा थेरपिस्ट बदलतो. आईच्या जाण्याबद्दल बोलायला लागलेल्या माणसाला दहा महिन्यांनी आणखी एक निरोप घ्यावा लागणं ही काही लहान गोष्ट नाही, म्हणून 75 परवडत असतील तर आम्ही असोसिएटच सुचवू.

आता ‘देखरेख’ म्हणजे नेमकं काय. सुपरवायझर सेशनमध्ये तुमच्या शेजारी येऊन बसत नाही. नियम असा की असोसिएटला दर आठवड्याला, प्रत्येक कामाच्या जागी, एक तास स्वतंत्र किंवा दोन तास गटात सुपरवायझरसोबत बसावं लागतं. गटात आठांपेक्षा जास्त असोसिएट चालत नाहीत. आठवड्यात पेशंटसोबतचं काम दहा तासांच्या वर गेलं की आणखी एकदा तेवढाच वेळ. सुपरवायझरकडे गेल्या पाच वर्षांतली किमान दोन वर्षं चालू परवाना असावा लागतो आणि देखरेखीचं वेगळं प्रशिक्षणही.

त्या तासात काय घडतं? असोसिएट तुमच्या सेशनची टिपणं घेऊन येते, कुठेकुठे दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग. समजा तुम्ही म्हणालात, “मी तेराव्यानंतर लगेच निघाले,” आणि त्या म्हणाल्या, “तुमचा नाइलाज होता.” सुपरवायझर तिथेच थांबवतो: हिला दिलासा द्यायची घाई का केलीस? ती अपराधी वाटण्याबद्दल बोलायला लागली होती, तू दार लावून घेतलंस. पुढच्या मंगळवारी त्या तुम्हाला म्हणतात, “मागच्या वेळी निघण्याबद्दल तुम्ही काहीतरी सांगत होतात.” तुम्हाला वाटतं, बाईंच्या लक्षात राहिलं. राहिलं असेलच, पण मध्ये एक तास तुमच्यावर आणखी एक डोकं लागलेलं असतं. वीस वर्षं मुरलेल्या माणसाच्या सेशनवर असा दुसरा डोळा फिरेलच असं नाही. अनुभवाची वर्षं वाढली की पेशंट जास्त बरे होतात, असा सरळ हिशेब संशोधनातही निघत नाही. तुमचं त्या माणसाशी जुळतंय का आणि काय साधायचं यावर दोघांचं एकमत आहे का, याचं वजन जास्त.

आता पैशाचा हिशेब. 300 डॉलरमध्ये 225 वाल्याकडे महिन्यातून एकदा जाता येईल. थेरपीची सुरुवात महिन्यातून एकदा करू नये. प्रत्येक भेटीत पहिली पंचवीस मिनिटं “मधल्या काळात काय झालं” यातच जातात आणि कळीच्या गोष्टीला हात लागेपर्यंत वेळ संपतो. 75 मध्ये आठवड्याला एक सेशन बसतं. फक्त लक्षात ठेवा, वर्षातून चारेक वेळा महिन्यात पाच मंगळवार येतात, तेव्हा बिल 375 होईल. हे आधीच सांगून ठेवलंत तर काही संस्था फी 65-70 वर आणतात. त्याला इथे स्लायडिंग स्केल म्हणतात आणि ते मागण्यात कमीपणा नाही. “आठवड्याला माझ्याकडून इतकेच निघतात, यात बसवता येईल का?” एवढं वाक्य पुरे. पगाराची स्लिप मागतील किंवा मागणारही नाहीत.

पण त्याआधी इन्शुरन्सचा फोन. पुष्कळ लोक हा टाळतात आणि महिन्याला दोनशे डॉलर उगाच घालवतात. कार्डाच्या मागच्या ‘बिहेवियरल हेल्थ’ नंबरवर फोन करून तीन गोष्टी विचारा. नेटवर्कमधल्या, म्हणजे इन्शुरन्सशी करार असलेल्या थेरपिस्टचा कोपे, म्हणजे दर भेटीला तुम्ही भरायची रक्कम, किती? तो डिडक्टिबल, म्हणजे वर्षाला आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, भरल्यानंतर लागू होतो की पहिल्या दिवसापासून? नेटवर्कमध्ये सध्या नवे पेशंट घेणारे कोण आहेत? कोपे पहिल्या दिवसापासून 25-30 डॉलर असेल तर परवाना असलेला थेरपिस्टच तुम्हाला असोसिएटपेक्षा स्वस्त पडेल आणि हा सगळा प्रश्नच मिटेल. प्लॅन हाय डिडक्टिबल असेल तर मात्र ती रक्कम भरेपर्यंत नेटवर्कचा पूर्ण दर तुमच्या खिशातून जातो. इन्शुरन्सच्या यादीत नावं चाळीस असतात आणि फोन उचलणारे चार, हे सोसायची तयारी ठेवा. कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली येणाऱ्या प्लॅनला तातडीची नसलेली मानसिक आरोग्याची अपॉइंटमेंट कामकाजाच्या दहा दिवसांत द्यावी लागते. यादीतलं कुणीच मिळत नसेल तर नेटवर्कबाहेरचा माणूस नेटवर्कच्याच खर्चात मिळवून देणं ही त्यांची जबाबदारी. मात्र मोठ्या कंपन्या पुष्कळदा स्वतःच्या पैशातून प्लॅन चालवतात, त्यांना राज्याचा हा नियम लागत नाही. नवऱ्याची कंपनी मोठी असेल तर हेही फोनवरच विचारा.

कंपनीचा एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्राम, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या अडचणींसाठीची मदत योजना, असेल तर तोही पाहा. बहुतेक ठिकाणी घरच्यांनाही काही सेशन्स फुकट मिळतात, कुठे तीन तर कुठे आठ. पण ती संपल्यावर माणूस बदलतो, त्यामुळे त्यावरच भिस्त ठेवू नका.

असोसिएटची फी इन्शुरन्सकडून परत मिळेल, अशी आशा धरू नका. तिथे मिळणारी पावती, सुपरबिल, बऱ्याच कंपन्या परवाना नाही म्हणून नाकारतात. 75 म्हणजे 75 असं धरून चाला.

कागद घरी येण्याची जी चिंता आहे, तिचं अर्धं उत्तर यातच आलं. रोख फी दिली की इन्शुरन्सकडे काही जातच नाही, कागद निघतच नाही. इन्शुरन्स वापरायचं ठरलं तर 1 जुलै 2022 पासून कॅलिफोर्नियात सोय आहे. राज्याच्या कायद्याखालच्या प्लॅनकडे तुम्ही ‘कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन’ची मागणी करायची आणि तुमचा वेगळा पत्ता किंवा ईमेल द्यायचा. मानसिक आरोग्याचे कागद मग नवऱ्याच्या नावावर न जाता थेट तुमच्याकडे येतात, त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही. फोनवर किंवा ऑनलाइन मागितलंत तर सात दिवसांत त्यांना हे लागू करावं लागतं, टपालाने मागितलंत तर चौदा. थेरपी सुरू व्हायच्या आधी हे करा, नंतर नाही, कारण पहिल्याच भेटीचा कागद जुन्या पत्त्यावर निघतो. आणि एचएसए, म्हणजे आरोग्यखर्चासाठीच्या बचत खात्याच्या, कार्डाने पैसे भरलेत तर त्या खात्याचं स्टेटमेंट कुणाच्या नावावर येतं, तेही आठवा.

आता त्या बाईंची तपासणी. कॅलिफोर्नियाच्या डिपार्टमेंट ऑफ कन्झ्युमर अफेअर्सची लायसन्स सर्च आहे, तिथे नाव न टाकता नोंदणी क्रमांक टाका, कारण एकाच नावाच्या दहा बाया निघतात. ‘करंट’ लिहिलंय का, मुदत कधी संपते, खाली शिस्तभंगाच्या कारवाईचा कागद जोडलाय का, एवढं पाहा. मग हीच तपासणी सुपरवायझरची करा. लोक असोसिएटला तपासतात आणि सुपरवायझरला सोडून देतात, तर तुमच्या केसची जबाबदारी त्याच्यावर असते. क्रमांक आणि सुपरवायझरचं नाव मागायला संकोच नको. आपण परवानाधारक नाही, नोंदणीकृत असोसिएट आहोत, कुठल्या प्रकारच्या परवानाधारकाच्या देखरेखीखाली आहोत, हे उपचार सुरू करण्याआधी पेशंटला सांगणं कायद्याने त्यांच्यावरच आहे. तक्रार कुठे करायची याची सूचनाही आधीच द्यायची असते. हे कागद पहिल्या भेटीआधी ईमेलने आले तर समजा, संस्था नीट चालते.

आणखी एक खूण पैशाची. असोसिएटला पेशंटकडून थेट पैसे घेता येत नाहीत. तुम्ही संस्थेला किंवा मालकाला देता, ते तिला पगार देतात. कुणी स्वतःच्या वेन्मो-झेलसारख्या पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा. ‘लाइफ कोच’, ‘हीलर’ अशा पाट्यांनाही हेच. त्यांच्यामागे ना बोर्ड, ना सुपरवायझर, ना तक्रारीची जागा.

पहिला पंधरा मिनिटांचा फोन बहुतेक संस्था फुकट देतात. तो आपली कहाणी सांगण्यात घालवू नका, कहाणीला पुढे वेळ आहे. आधी सांगा: आई गेली, झोप नाही, मुलावर राग निघतो. मग विचारा, अशा दुःखावर तुम्ही कसं काम करता? उत्तरात कुठली तरी पद्धत आणि पहिल्या चार-पाच भेटींत काय कराल याचा अंदाज यायला हवा. “आपण बघू, जसं जाईल तसं” एवढंच आलं तर ते पुरेसं नाही. मग हे विचारायला विसरू नका: तुमचे तास किती झाले, परवाना साधारण कधी मिळेल, आणि मिळाल्यावर माझी फी काय होईल? इथेच पुष्कळ लोक फसतात. 2,700 तास झालेली असोसिएट चार-पाच महिन्यांत परीक्षेच्या तयारीला लागते. परवाना मिळाला की संस्था सोडते किंवा फी दुप्पट होते. हजाराच्या आसपास असलेली बाई अजून वर्ष-दीड वर्ष तिथेच असेल. ‘जास्त तास म्हणजे जास्त चांगली’ असं वाटतं, पण तुमच्यासाठी मधल्या टप्प्यावरची जास्त सोयीची.

याच फोनवर रद्द करण्याचा नियमही विचारून घ्या. 24 तास आधी कळवायचं की 48, आणि नाही कळवलं तर पूर्ण फी की अर्धी. सहा वर्षांच्या मुलाला सकाळी सातला ताप येतो, 48 तास आधी येत नाही. अशा दिवशी व्हिडिओवर सेशन हलवता येतं का, ते विचारा. आणि संस्थेकडून ‘गुड फेथ एस्टिमेट’ लेखी मागा. 1 जानेवारी 2022 पासून इन्शुरन्स न वापरणाऱ्या पेशंटला हा अंदाजपत्रकाचा कागद मागायचा हक्क आहे, आणि बिल त्यापेक्षा 400 डॉलर किंवा जास्त वर गेलं तर 120 दिवसांत दाद मागता येते.

आता भाषा. पत्रातल्या बाकी सगळ्यापेक्षा आम्हाला हीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मराठी थेरपिस्ट मिळाला तर छान, पण बे एरियातलं, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचं मराठी जग लहान आहे. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत तुमच्यापुढे तीच बाई उभी असेल, आणि तिच्या मुलाची शाळा तीच असेल. अशी दुहेरी ओळख असेल तर चांगला थेरपिस्ट स्वतःच नाही म्हणेल. म्हणजे बहुधा समोरची बाई अमराठी असणार आणि तुम्ही इंग्रजीत बोलणार. बोलता येईल, रडताना अडेल.

यावर एक साधा उपाय आहे. अडलं की आधी ते वाक्य मराठीतच मोठ्याने म्हणा, जसं आलं तसं, आणि मग त्याचा अर्थ सांगा. “आईच्या हातचं म्हणजे काय ते आता कुणाला विचारू” हे वाक्य इंग्रजीत आधी जुळवायला गेलात तर त्यातली आई निघून जाते. चांगली असोसिएट तुम्हाला थांबवणार नाही, उलट त्या शब्दाकडे परत येईल. दुसऱ्या भेटीत दहा मिनिटं बाजूला काढून तिला काही गोष्टी समजावून द्या: तेरावं म्हणजे काय, सुतक काय, वर्षश्राद्धाला घरी काय काय होतं, लेक सासरची म्हणून तिला कशात हात लावता आला आणि कशात नाही. ती दहा मिनिटं वाया गेली असं वाटेल. ती वाया जात नाहीत, कारण नंतर प्रत्येक वेळी थांबून तळटीप द्यावी लागत नाही आणि त्या बाई तीच माहिती सुपरवायझरकडे घेऊन जातात.

नव्या माणसाच्या चुकाही ठरावीक असतात, त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. शांतता सहन न होणं ही पहिली. तुम्ही गप्प झालात की त्या घाईने काहीतरी बोलतात. दुसरी, तिसऱ्याच भेटीत वर्कशीट आणि श्वासाचे व्यायाम हाती देणं. झोपेसाठी त्यांचा उपयोग आहे, पण शोकाच्या जागी ते पुढे केले की तुमचं बोलणं बंद होतं. तिसरी चूक भारतीय घरांबाबत हमखास होते. सासूचा फोन, नवऱ्याचं मत, दिराचं काही निघालं की उत्तर येतं, “तुम्ही सीमा आखायला हव्यात.” ज्या घरात तुम्ही राहता त्या घराची रचना समजून न घेता दिलेला हा सल्ला तुमच्या काही उपयोगाचा नाही. तसं झालं तर गप्प बसून पुढच्या वेळी दांडी मारू नका. सरळ म्हणा, “हे माझ्या घरात असं चालत नाही, आधी ते समजून घ्या, आणि हे तुमच्या सुपरवायझरशीही बोला.” शिकण्याच्या टप्प्यावरच्या माणसाला हे सांगणं सोपं असतं आणि त्याचा परिणाम पुढच्याच आठवड्यात दिसतो. देखरेखीखालच्या थेरपीचा तुम्हाला मिळणारा हा सगळ्यात मोठा फायदा आहे, पण तो पेशंटने वापरला तरच मिळतो.

प्रगती मोजायची असेल तर पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची यादी पहिल्या भेटीत आणि मग दर चौथ्या भेटीत भरून द्या, त्यांच्याकडे असतेच. गुण 0 ते 27. पाच गुणांनी उतरले तर खरा फरक पडतोय. ही यादी नैराश्याची आहे, शोकाची नाही. आठ महिन्यांनी आई आठवून रडू येणं हा आजार नव्हे. तीनची जाग आणि मुलावरचा राग कमी होतोय का, यासाठी कॅलेंडरवर रोज एक खूण पुरे. आठ भेटींनंतर कशातच हालचाल नसेल तर सुपरवायझरसोबत तिघांची एक बैठक मागा. ती मागता येते, आणि बहुतेकांना हे माहीतच नसतं.

मुलाबद्दल थोडं वेगळं सांगतो. थेरपिस्ट असो की असोसिएट, मुलाला इजा होत असल्याचा वाजवी संशय आला तर त्यांना सरकारला कळवावंच लागतं, हे सगळ्यांनाच बंधनकारक आहे. ओरडण्याबद्दल, रागाबद्दल बोलायलाच तुम्ही तिथे जाताय, त्याला घाबरू नका. पण गुप्ततेच्या मर्यादा कुठे संपतात ते पहिल्याच भेटीत त्यांच्या तोंडून ऐकून घ्या. सेशन रेकॉर्ड करायचं असेल तर तुमची लेखी संमती लागते. ‘नाही’ म्हटलंत तर थेरपी चालू राहील ना, आणि ‘हो’ म्हटलंत तर रेकॉर्डिंग किती दिवसांनी पुसतात, तेही तेव्हाच विचारा.

काही वेळा मात्र असोसिएट पुरेशी नाही. जगण्यात अर्थ नाही असं सतत वाटू लागलं, स्वतःला संपवण्याचे विचार आले, कुणाला न ऐकू येणारे आवाज ऐकू येऊ लागले, दोन-दोन दिवस झोप नसून अंगात भलताच जोर आला, तर हे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरचं काम आहे. औषधं लिहून देण्याचा अधिकार थेरपिस्टना नसतोच, परवाना असो वा नसो. रात्री-अपरात्री वेळ आली तर 988 या संकटकाळच्या हेल्पलाइनवर फोन करा, दुभाषा मागता येतो. तीनच्या जागेबद्दल तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही एकदा सांगा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहून घेतलेलं बरं.

पुण्याच्या 1,200 रुपयांबद्दल. मराठीत बोलता येणं ही खरीच मोठी गोष्ट आहे, मैत्रिणीचं ते चुकत नाही. अडचण दुसरीकडे आहे. कायदा तुम्ही कुठे बसून बोलताय ते पाहतो. तुम्ही फ्रीमॉन्टमध्ये असताना उपचार करायला कॅलिफोर्नियाची नोंदणी लागते, ती पुण्यातल्या बाईंकडे नसते. काही बिघडलं तर बीबीएस तुमची तक्रार ऐकू शकणार नाही, आणि रात्री तीनला काही झालं तर तिकडून तुमच्या घरी मदत पाठवणं त्यांना जमणार नाही. भारतात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ला रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते, ती यादीत पाहता येते. नुसत्या ‘कौन्सेलर’ पाटीमागे सहा महिन्यांचा कोर्सही असू शकतो. वेळेचाही घोळ आहे. पुण्यातले रात्रीचे आठ म्हणजे तुमचे सकाळचे साडेसात, मुलाच्या डब्याची वेळ. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की साडेसहा. नेमकं मराठी बोलायला मिळावं एवढ्यासाठी मावशीला किंवा मैत्रिणीला आठवड्याचा एक ठरलेला फोन लावा, त्याला फी नाही.

डिसेंबरचं मात्र आताच ठरवा. तुम्ही नाशिकला असताना त्या असोसिएटना बहुधा सेशन घेता येणार नाही, संस्था परदेशात बसलेल्या पेशंटला सरळ नाही म्हणतात. म्हणून तिकीट काढलं की तारखा त्यांना कळवा आणि दोन प्रश्नांची लेखी उत्तरं घ्या. माझी मंगळवारची वेळ राखून ठेवणार का? आणि न झालेल्या पाच सेशनचे 375 डॉलर लावणार का? काही संस्था दोन आठवड्यांपर्यंत वेळ धरतात आणि मग यादीतल्या पुढच्या माणसाला देतात. निघण्याआधीची दोन सेशन्स त्या घराच्या तयारीसाठीच वापरा: आईची खोली, कपाट, श्राद्धाच्या दिवशी कोण काय बोलेल, तुम्हाला कोणत्या क्षणी बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटेल आणि तेव्हा मुलाजवळ कोण असेल. तिथे असताना फारच अडलं तर टेली-मानस या भारत सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. परतीच्या विमानानंतरचं पहिलं सेशन आल्याच्या आठवड्यातच ठेवा, फक्त पहिल्या दोन दिवसांत नको. जेट लॅगमध्ये तीनची जाग कशाची आहे ते तुम्हालाही कळणार नाही आणि त्यांनाही.